पोत्याच्या शिवणीतल्या डब्या

अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासात मी जीवशास्त्र शिकवतो. फळ्यावर झुरळ काढतो ते हातभर. खरं झुरळ बोटाच्या दोन पेरांएवढं, तांबूस तपकिरी, मिशा अंगाहून लांब, मोठं होईपर्यंत तेरा वेळा कात टाकणारं. सगळं तोंडपाठ. त्या शहाणपणाचा घरात मात्र काडीचा उपयोग झाला नाही.

बायको कोचिंगच्या मुलामुलींसाठी मेस चालवते. सत्तावीस डबे. तिच्या चांदूर बाजारच्या माहेराहून दर आठवड्याला एसटीनं भाजीचं पोतं येतं. रिकामी पोती ती घडी घालून ओट्याखाली ठेवते, भाऊ आला की परत नेतो. एका रविवारी ओट्याखाली गेलेला चमचा काढताना एका पोत्याची शिवण उलटली. आत राजम्याच्या दाण्याहून लहान, तपकिरी डब्या चिकटलेल्या. एकेकीत चौदा-सोळा अंडी!

मी गप्प बसलो. झुरळं तुझ्या माहेरून आली, हे कोणत्या तोंडानं सांगणार? त्या माणसांबद्दल शब्द काढला की आमच्या घरी दोन दिवस अबोला. दिसल्या तेवढ्या डब्या खरवडून चिरडल्या, फवारा मारला. फवाऱ्यानं झुरळं मरतात, डबीतली अंडी नाही, हे मला ठाऊक होतं. पुढचा दीड महिना जिवाला थारा नव्हता. सारखा स्वयंपाकघरात जायचो, पिंप हलवायचो, डबे झटकायचो.

एका सकाळी तिनं हाक मारली, "अहो, हे पांढरं काय फिरून राह्यलं?"

बिनपंखांचं, दुधासारखं पिल्लू. नुकतीच कात टाकलेलं. थोड्या वेळात ते तपकिरी होणार होतं.

"दुसराच किडा आहे तो," मी म्हणालो. धडधडीत खोटं.

चौथ्या दिवशी माझ्याच वर्गातली एक मुलगी डबा परत घेऊन आली. वरणात पिल्लू. "काकू, हे झुरळाचंच आहे, सरांनी शिकवलंय," ती बिचारी हळूच म्हणाली. संध्याकाळपर्यंत एकोणीस डबे बंद झाले.

तेव्हा कुठे मी बायकोला सगळं सांगितलं.

"माह्या माहेराची इज्जत झाकत होते तुमी?" ती म्हणाली. "पोती मीच जाळली असती. मले काहून नाई सांगितलं?"

मला लाज वाटली. काहीतरी करावं म्हणून वरणाचं पातेलं उतरवायला मी हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुमी आता सैपाकघरात येऊ नका."