गालाने तपासलेली कड

मी जन्माचा संशयी माणूस. वाण्याने तागडी उचलली की माझं लक्ष मालाकडे नसतं, त्याच्या हाताकडे असतं. बायको म्हणायची, तुम्ही देवाचा प्रसादसुद्धा हुंगून खाता. त्यात खोटं काही नव्हतं. उलट मला त्याचा अभिमानच होता, कारण आमच्या धंद्यात ही खोड कामाची होती. चामड्याच्या वस्तूत लबाडी लपते ती कडेला.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. पनवेलला बैलगाड्यांच्या अड्ड्याजवळ आमचं छोटं दुकान होतं. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. पट्टे, खांद्यावरच्या पिशव्या, बैलांचे घुंगरपट्टे. कापणं आणि शिवणं माझं, कडा भावाच्या. दोन पदर शिवले की कड कच्ची दिसते, तंतू सुटलेले असतात. ती रापीने तासायची, काळं पाणी द्यायचं, चिंचोक्याची खळ लावून शिसवीच्या घोटणीने घोटायची आणि शेवटी तापल्या सळईने मेण जिरवायचं. काळं पाणी घरचंच. गंजके खिळे आणि गूळ माठात महिनाभर कुजवले की झालं. चामड्याला लागलं की ते आपोआप काळंभोर होतं. हाताला लागलं तरी होतं, आणि आठवडाभर घासलं तरी जात नाही.

कड जमली की नाही हे डोळ्याला कळत नाही. तिच्यावरून बोट फिरवायचं आणि जिथे बोट अडखळेल तिथे पुन्हा घोटायचं. भावाचं बोट आमच्या वडिलांच्या बोटापेक्षा नेमकं होतं. हे मी त्याच्या तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर माझं काय जात होतं, कोण जाणे.

एका पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या कडा बिघडल्या. काळ्या दिसायच्या, चमकायच्या, पण हात लावला की खरखर. उरणकडचा एक मिठागरवाला आपली पिशवी परत घेऊन आला. "काखंत सोलून निगालंय माजं," म्हणाला, आणि सदरा वर करून दाखवलं. मी भावाकडे पाहिलं. तो पिशवी हातात घेऊन तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिला आणि म्हणाला, "मला तर गुळगुळीत लागतंय."

माझ्या मनात पाल चुकचुकली. त्याचे सासरे उरणचे. तिथे दुकान काढ म्हणून ते त्याच्या मागे लागले होते, हे मला माहीत होतं. दसऱ्याला येऊन दोन तास त्याच्याशी कुजबुजत बसले आणि मी जवळ गेलो की हवापाण्याबद्दल बोलायला लागले. मी हिशेब मांडला: याला वेगळं व्हायचंय, पण स्वतःहून म्हणवत नाही. काम बिघडवायचं म्हणजे मीच त्याला जा म्हणेन.

एकदा विचारलं, "कडांना काय झालंय तुज्या?"

"काळ्या पाण्यानं बोटं मेल्यागत झाल्यात दादा. बाबांची नाय का व्हायची?"

बाबा तसं म्हणायचे, हे खरं होतं. आमच्यात सगळेच म्हणत, की काळं पाणी बोटांतला जीव खातं. पण माझीही हयात त्याच पाण्यात गेली होती आणि माझी बोटं जिवंत होती. मला ते निमित्त वाटलं. त्यानंतर मी विचारणं सोडलं आणि बघायला लागलो.

डोळ्यांत तेल घालून बघितलं. तो रोज उरलेलं काम घेऊन मागच्या पडवीत जायचा. एका दुपारी मी दाराच्या फटीतून पाहिलं. तो नवा पट्टा दोन्ही हातांनी ताणून धरून गालावरून ओढत होता. हळूहळू, डोळे मिटून. मध्येच थांबला, पट्टा खाली घेतला, तेवढीच जागा घोटली आणि पुन्हा गालाला लावला. मला आधी हसू आलं. मग कळलं, की हा कड तपासतोय. जे बोटाला कळत नाही ते गालाला विचारतोय.

दुसऱ्या कुणी तिथेच दार उघडून विचारलं असतं. मला आधी खात्री हवी होती. वसुबारसेच्या सकाळी तो घुंगरपट्ट्यांवर वाकला होता. मी काहीतरी शोधायचं निमित्त करून त्याच्या मागे गेलो आणि हातातल्या आरीचं टोक त्याच्या जमिनीवर टेकलेल्या डाव्या हाताच्या बोटाला लावलं. मग दाबलं. रक्ताचा थेंब आला. त्याने मान वळवली नाही.

त्या रोगाला तेव्हा महारोग म्हणत. नाव मनात आलं, पण मी कुणाला बोललो नाही, त्यालाही नाही. फक्त त्याचा चहाचा कप ओळखू यावा म्हणून कपाच्या कानाजवळ काळ्या पाण्याचा ठिपका दिला आणि तो फळीच्या टोकाला ठेवायला लागलो. अड्ड्याजवळच्या हॉटेलात जातीमुळे आम्हा दोघांना बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा मिळायचा. मालकाला तो कप हाताने उचलावा लागू नये म्हणून आम्हीच विसळून उपडा घालायचो. तो अपमान दोघांनी मिळून गिळलेला. आणि मी घरात तेच केलं. आजही त्याची लाज वाटते.

दिवाळी गेली, थंडी गेली. माझी नजर त्याच्यावरच होती. त्याची दोन बोटं आत वळायला लागली तेही मला त्याच्या आधी दिसलं. शिमग्याच्या सुमारास सळईने भाजलेली एक जखम चिघळली. त्याच्या बायकोने हट्ट धरला आणि मी त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी लिंबाची फोड मागवली आणि त्याचा हात चोळून चोळून धुतला. काळं निघालं. खाली मनगटाजवळ फिकट चट्टा होता. गोळ्या आहेत, रोग बरा होईल, घाबरू नका, असं ते म्हणाले. मग वही पुढे ओढून विचारलं, "बोटं बधिर केव्हापासून?"

"पुरती मेल्याला म्हयना झाला असंल," भाऊ म्हणाला.

मला राहवलं नाही. चुकीची माहिती लिहिली जात होती, आणि मला तर दिवस पाठ होता. "नाही डॉक्टरसाहेब," मी म्हणालो. "वसुबारसेच्या आधीपासून. त्या दिवशी मी आरी टोचून बघितली, त्याला कळलं नाही. बोटं वळायला लागली संक्रांतीनंतर."

डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "तेव्हा आणलं असतंत तर बोटं सरळ राहिली असती."

भाऊ त्यांच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"तुला ठाऊक व्हतं?"

"संशय होता," मी म्हणालो.

"मंग मला सरळ का नाय इचारलंस? मला वाटलं, काळ्या पाण्याचंच हाय."

मी डॉक्टरांना गोळ्या कशा घ्यायच्या ते विचारलं.

रोग बरा झाला. बोटं तशीच राहिली. तो उरणला गेला नाही, आणि जाणारही नव्हता. सासऱ्यांना त्याने दसऱ्यालाच नाही म्हटलं होतं. पुढे बरीच वर्षं आम्ही त्याच दुकानात समोरासमोर बसून काम केलं. तो शिवायला शिकला, कडा मी घेतल्या. भांडण कधी झालं नाही. फक्त मी काही विचारलं, अगदी दोरा कुठे आहे एवढं जरी, तरी तो लगेच उत्तर द्यायचा नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, हा कशासाठी विचारतोय म्हणून.