पोळपाटावरचा पडदा

पुण्याहून आयर्लंडला आलो तेव्हा आमच्या सामानात तीन मेलेले लॅपटॉप होते. ते वजनात बसावेत म्हणून माझ्या दोन साड्या आणि लोणच्याची बरणी मागे राहिली. ‘कधीतरी लागतील’ हे माझ्या नवऱ्याचं ब्रीदवाक्य. एनिसमधल्या आमच्या भाड्याच्या घरात जिन्याखाली एक कपाट आहे, ज्याला इथले लोक प्रेस म्हणतात. त्या प्रेसमध्ये हे तिघे इतकी वर्षं गाढ झोपून होते की मी त्यांच्यावर इस्त्रीचं टेबल ठेवायला लागले होते.

२०२० च्या मार्चमध्ये त्याचा तो ‘कधीतरी’ एकदाचा उगवला. नवरा लिमरिकजवळच्या औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. कारखान्याने त्याला घरी बसून काम करायला सांगितलं आणि त्याच आठवड्यात गावातले सगळे मॉनिटर दुकानांतून नाहीसे झाले. दुसऱ्या कुणाला याचं वाईट वाटलं असतं. हा मात्र खुशीत आला. “विकत कशाला घ्यायचा? पडदे आहेत की आपल्याकडे. एक नाही, तीन.”

त्या वेळी घरात आम्ही चौघं होतो. तो, मी, पंधरा दिवसांची लेक आणि माझ्या बाळंतपणासाठी सांगलीहून आलेली आई. बाबा आले नव्हते. साखर कारखान्यातून निवृत्त होईपर्यंत ते जीप सोडून कशात बसले नाहीत, आता विमानात बसायचं वय नाही असं त्यांचं म्हणणं. आई मेमध्ये परत जायची होती. विमानं बंद झाली तेव्हा साऱ्या जगाला वाईट वाटलं, मला मात्र आतून हायसं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आईला आता जाताच येणार नव्हतं. मला ती हवी होती. निदान मी कामावर परत रुजू होईपर्यंत तरी, आणि जमलं तर सगळा हिवाळा. पुढे जे काही झालं ते या एका हव्यासापायी.

तर पडदे. लॅपटॉपच्या पडद्याच्या पाठीवर एक नंबर असतो. तो कळवून चीनमधून त्याच जातीचा बोर्ड मागवायचा, एक चपटी वायर पडद्याला जोडायची, दुसरी कॉम्प्युटरला, की झाला मॉनिटर. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की बाळाला झोपवताना तेच तोंडात यायला लागलं. पहिला बोर्ड यायला तीन आठवडे लागले आणि आला तो दुसऱ्याच जातीचा. पुढचा बोर्ड येईपर्यंत त्या पडद्यावर मीटिंगमधले सगळे सहकारी जांभळे दिसायचे. नवरा म्हणायचा, “काम थांबत नाही ना? मग ग्रँड.” ग्रँड म्हणजे इथल्या लोकांचं ‘चालतंय की’.

बोर्ड मिळाला, तर पडद्याला मागून आधार हवा. घरातली प्रत्येक फळी मोजून झाल्यावर त्याची नजर आईच्या पोळपाटावर गेली. तो पोळपाट आईने सांगलीहून साडीत गुंडाळून आणला होता, कारण परदेशात पोळपाट मिळत नाहीत यावर तिचा ठाम विश्वास. गोल पोळपाटावर चौकोनी पडदा, आणि मागच्या तीन पायांच्या मधे बोर्ड असा बसला की कुणाला वाटावं सुताराने मॉनिटरसाठीच तो घडवला. जावयाला काही बोलायचं नाही हा आईचा नियम. त्याला ती म्हणाली, “असू दे हो जावईबापू, चालतंय.” आणि स्वयंपाकघरात येऊन, त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली, “आता चपात्या काय तुझ्या नवऱ्याच्या टकलावर लाटू व्हय?” त्या दिवसापासून ती ओट्यावर चपात्या लाटायला लागली आणि प्रत्येक चपातीगणिक एक उसासा टाकायला लागली.

यश मिळालं की माणूस आवरत नाही. नवऱ्याने आमच्या मराठी ग्रुपवर पोळपाटाचा फोटो टाकला. आधी सगळे हसले, भंगारवाला म्हणाले. पण शाळा मार्चपासून घरीच भरत होत्या, प्रत्येकाच्या घरात दोन-तीन पोरं एकाच कॉम्प्युटरवर भांडत होती, आणि आठवड्याभरात भंगारवाल्याला ‘सर’ म्हणायला सुरुवात झाली. तेव्हा कळलं की आयर्लंडमधल्या एकाही मराठी घरात मेलेला लॅपटॉप टाकलेला नाही. एखाद्याच्या पलंगाखाली, एखाद्याच्या देवघरामागे, सगळीकडे ते जपून ठेवलेले. लोकांनी ते पोस्टाने पाठवले, पण अट घालून: पडदा काढून घ्या, बाकीचा परत द्या. बाकीचा कशाला? कधीतरी लागेल. आमचं बाहेरचं खोपटं मुंडकी उडवलेल्या लॅपटॉपांनी भरलं आणि त्यांच्यावर त्यांच्या मालकांची नावं चिकटवून ठेवावी लागली.

आणखी पडदे हवेत म्हणून नवरा गावच्या पुनर्वापर केंद्रावर गेला. तिथे लॅपटॉपांचा ढीग बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पिवळं जाकीट घातलेल्या माणसाने त्याला शांतपणे सांगितलं की इथे वस्तू ठेवून जाता येते, घेऊन जाता येत नाही. म्हणजे या देशात फुकट टाकायला परवानगी आणि फुकट उचलायला बंदी. आईला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदाच जावयाच्या बाजूने उभी राहिली.

तरीही एक पडदा गाडीसाठी उरला. त्याला मागचा कॅमेरा जोडून नवऱ्याने तो स्टिअरिंगशेजारी बसवला. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी होती. तेव्हा सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी मागे घेताना मागची ट्रॉली डोळे भरून बघायची, एवढाच त्याचा उपयोग.

इकडे आई बेचैन व्हायला लागली होती. तिला मोतीबिंदू होता, ऑपरेशन परत गेल्यावर करायचं होतं. फोनवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये तिला धुकंच दिसायचं, आणि बाबा फोन असा धरायचे की आम्हांलाही त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा एवढंच दिसायचं. बोलणं रोजचं ठरलेलं.

“जेवलासा का?”

“व्हय की. दोडक्याची भाजी केल्ती. भाकरीबी.”

“मीठ किती घातलासा?”

“अंदाजानं.”

लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ज्यांनी चहाचं आधण ठेवलं नाही, ते बाबा आता भाकरी थापतायत याचं आम्ही सगळ्यांनी भरपूर कौतुक केलं. नवऱ्याने तर ग्रुपवर सांगितलं. आई मात्र फोन ठेवला की म्हणायची, “तोंड बघितल्याबिगार कळत नाही काही. मी जाते आता.” सप्टेंबरमध्ये सरकारी खास विमानं सुटतायत अशी बातमी आली आणि तिच्या तोंडी ‘जाते’ रोज यायला लागलं.

मग मीच नवऱ्याला म्हटलं, आईला एक मोठा पडदा करून दे. बाबा रोज ठळक दिसले की ती रमेल, हिवाळा निघेल. त्याला तर आयतंच गिऱ्हाईक मिळालं. कासलबारच्या हॉस्पिटलमधल्या आमच्या एका डॉक्टर मित्राकडे जुना गेम खेळायचा लॅपटॉप होता, सतरा इंची पडद्याचा. त्याने पडदा टॉवेलात गुंडाळून पोस्टाने पाठवला आणि टॉवेल परत मागितला. बोर्ड आला तो या वेळी बरोबर जातीचा. नवऱ्याने पडदा जेवणाच्या टेबलाशी, आईच्या खुर्चीसमोर उभा केला आणि सासऱ्यांना फोन करून सूचना दिल्या: फोन हातात धरायचा नाही, फळीवर डब्याला टेकवून ठेवायचा, लांब उभं राहायचं, पूर्ण दिसायला हवं. मी सांगितलं असतं तर बाबांनी दहा सबबी काढल्या असत्या. जावयाचा शब्द कसा मोडणार?

कॉल लागला. इस्त्रीचा शर्ट घालून बाबा स्वयंपाकघरात मधोमध उभे होते. शर्ट गळ्याशी सैल होता. मी काही बोलायच्या आत आई खुर्ची सरकवून पुढे झाली, पडद्याला नाक लागेल इतकी पुढे. बाबा सांगत होते, “आज वांग्याचं भरीत केलंय, झ्याक झालंय.” आई त्यांच्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या मागे बघत होती.

“ते मागं हिरवं काय आहे?” तिने मला विचारलं.

मी बघितलं. निघताना आईने गॅसच्या शेगडीवर जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा पसरून तो नाडीने आवळून बांधला होता, झुरळं फिरू नयेत म्हणून. तिला वाटलं होतं, बाबा खाणावळीचा डबा लावतील. खाणावळी तर मार्चमध्येच बंद झाल्या. लुगडं जसंच्या तसं होतं. नाडीची गाठही समोरच दिसत होती.

“ती गाठ माझी हाय,” आई म्हणाली. “सोडली न्हाई तुम्ही.”

बाबांनी मागे वळून शेगडीकडे बघितलं, जणू तीच फितूर झाली.

“काय खाताय सहा महिने?”

“दूध-चुरमुरे. केळी. बेकरीतला पाव मिळतोय की.” मग शर्टाची कॉलर चाचपत, “मला गॅस पेटवायची भीती वाटती गं. आणि खरं सांगितलं असतं तर तू उठून आली असतीस. पोरीचं बाळंतपण कोण बघणार?”

नवरा हळूच उठून खोलीबाहेर गेला. मी बाळाला मांडीवर घेऊन बसून राहिले. माझ्यासाठी बाबा सहा महिने दोडकी, वांगी आणि भाकऱ्या रचत होते, आणि मी त्यांना शाबासकी देत होते. आईला जाऊ द्यायचं नाही म्हणून मी तो पडदा करून घेतला होता. त्याच पडद्यासमोरून उठून ती म्हणाली, “माझं तिकीट बघ.”

मी वाद घातला. म्हटलं, तू इथून शिकव, मोठं दिसतंय आता सगळं. दोन दिवस तिने तोही प्रयत्न केला. बाबांनी गाठ सोडली, लायटर धरला, डोळे मिटले आणि बटण फिरवायचंच विसरले. तिसऱ्या दिवशी आईने बॅग काढली. निघताना तिने बाळाची पापी घेतली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “तुला माणसं आहेत गं. त्यांना कोण आहे?” मला इथे तरी कोण होतं, हे मी तिला विचारलं नाही. विमानतळावरून परत येताना गाडीत मी लिमरिक येईपर्यंत रडत होते.

जानेवारीत मी कामावर रुजू झाले. लेक पाळणाघरात, नवरा पोळपाटासमोर, आणि मी शॅननच्या कारखान्यात रोज तयार माल तपासायच्या टेबलाशी. जेवण म्हणजे फ्रीझरमधला पिझ्झा, नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातले बटाट्याचे गरम चिप्स. रविवारी सकाळी आईचा कॉल असायचा. आमचं सगळं स्वयंपाकघर तिला दिसावं अशा बेताने नवऱ्याने कॅमेरा लावला होता. कॉल लागायच्या आधी मी पिझ्झ्याचे खोके टेबलाखाली ढकलायची, केस बांधायची आणि मागे शेगडीवर कुकर ठेवायची. रिकामा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारीही ठेवला. पडद्यावर दोघं शेजारी बसली होती. बाबांचं तोंड भरलं होतं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता. आधी बाळाचे दात, मग इथला पाऊस, मग तिथल्या गॅसच्या सिलिंडरची रड झाली.

“आज काय केलंस?” आईने विचारलं.

“वरणभात. कुकर लावलाय.”

आई पुढे झुकून माझ्या मागे, कुकरकडे बघायला लागली. बाबांनी मान खाली घातली.

“बरं,” आई म्हणाली. “शिट्टी होऊ दे. मी थांबते.”

मी उठले आणि तांदूळ धुवायला घेतले.