लपले पिकअपमध्ये, उतरले नारायणगावात!

हसणार नसाल तरच सांगते हं! जाऊ द्या, हसालच तुम्ही. मीसुद्धा हसले असते.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. निमगाव सावाला आमच्या आळीत नवीनच केबल आली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी सोनी आणि महेश सकाळपासून टीव्हीला असे चिकटायचे, की बोटं आमटीत आणि डोळे कार्टूनवर! एक दिवस मी भडकलेच. नवऱ्याला अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "या घरात एक तर हा डबा राहील, नाय तर मी!"

हे गुपचूप शेतावर निघून गेले. मी टीव्ही बंद केला.

"मग आमी काय करू?" महेश रडवेला झाला.

"खेळा!"

"कुणासंगं?"

खरंच की! आळीतली सगळी पोरं आपापल्या टीव्हीपुढं. म्हटलं, "माझ्यासंगं. लपंडाव. राज्य तुमच्या दोघांवर. मी सापडेपर्यंत घरात यायचं नाय!"

पदर खोचला आणि पळाले. शेजारच्या तुकाभाऊंची पिकअप उभी होती, टोमॅटोच्या क्रेटनी भरलेली, वर ताडपत्री. शिरले आत! गारेगार सावली, आठ दिवस टोमॅटो तोडून अंग आंबलेलं... डोळाच लागला हो!

जाग आली ती गलक्याने. ताडपत्री वर झाली. समोर तुकाभाऊ आणि मागे नारायणगावचा भरलेला बाजार, सगळा माझ्याकडे बघतोय!

"वैनी! भांडून निघालाय व्हय?"

"नाय हो, लपलेय!"

"कुणापासनं?"

"पोरांपासनं!"

तुकाभाऊंचा चेहरा आणखीच गंभीर झाला. "काळजी करू नगा. मला तुमचा भाऊच समजा."

त्यांनी एसटीडी बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. शेठजींना निम्मंच ऐकू आलं. घरी निरोप पोचला तो असा: पोरांना कंटाळून घर सोडलं, आता भावाकडे आहे. आणि माझा सख्खा भाऊ राहतो घोडेगावला!

संध्याकाळी परतले तर दारात ही गर्दी! शेजारणींनी आमच्या भाकरी थापलेल्या, म्हशीची धार काढलेली. आणि हे? टीव्ही गोधडीत गुंडाळून मोटारसायकलला बांधत होते. तो माझ्या भावाच्या दारात ठेवून मला परत मागणार होते!

मला बघून म्हणाले, "आलीस? लई बरं झालं. ह्यो डबा नको मला. तू हाय तर घर हाय."

लग्नाला बारा वर्षं झाली होती, हा माणूस एवढं कधी बोलला नव्हता. मला रडूच फुटलं. त्या संध्याकाळचं आठवलं की त्यांचे, शेजारणींचे, तुकाभाऊंचे, सगळ्यांचे उपकार वाटतात.

पोरांचे तर सगळ्यांत जास्त. दुपारपासून दोघं घरात शिरली नव्हती. त्यांची शोधाशोध बघून आळीतली पंधरा-वीस पोरंही टीव्ही सोडून आलेली. गोठे, कडब्याच्या गंजी, सगळं पालथं घातलेलं. धुळीने माखलेली ती दोघं धावत आली. वाटलं, आता गळ्यात पडणार.

"आई सापडली!" सोनी ओरडली. "राज्य आईवर!"

सुटका नव्हती. भिंतीकडे तोंड करून शंभर मोजले. वळले तर अख्खी आळी गायब! इकडे हिंडले, तिकडे हिंडले, एक पोर सापडेल तर शपथ! शेवटी महेशच कंटाळून बाहेर आला आणि समजूत घातल्यासारखं म्हणाला, "आई, तू आपली टीव्हीच बघ!"