गादीचा राक्षस आणि आप्पा

"याले भिवानं का हासानं?"

पडद्यावर राक्षस आला रे आला, की आप्पा बोट टेकवून व्हिडिओ थांबवायचे आणि हा प्रश्न टाकायचे. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, हातात भाकरीचा तुकडा, भोवती आम्ही चार-पाच जण. मतदान झाल्याशिवाय राक्षसाला हलायची परवानगी नसे.

नवापूरजवळच्या एका हॅचरीत, म्हणजे अंडी यंत्रात उबवून पिल्लं काढायच्या कारखान्यात, मी नवा सुपरवायझर होतो आणि आप्पा जुने मशीन ऑपरेटर. रोज नंदुरबारहून गाडीनं अपडाऊन करायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला, त्यामुळे मोबाईलच्या इतके जवळ जायचे की राक्षसच त्यांना दचकेल असं वाटावं.

जेवणाच्या सुट्टीत ते हिंदीत डब केलेली एक परदेशी विज्ञान मालिका बघायचे. एक कप्तानबाई यान घेऊन ग्रहाग्रहांवर हिंडते, सोबतीला एक जाडा आचारी, आणि दर भागात नवा राक्षस. मालिकेचे पैसे बहुधा आचाऱ्याच्या जेवणावरच संपत असावेत, कारण एक राक्षस तर उघड उघड गादी होता. पाठीवरची चेनसुद्धा दिसत होती.

"आप्पा, त्याचा कापूस बाहेर आलाय," मी म्हणालो. "त्याला कोण भिणार?"

"तेच ना सायेब! वाघ दिखना ते बठ्ठा पळतस. गादी दिखनी ते मानूस जाईसन वर बठस. मंग गादी गिळस."

माझ्याकडे डिप्लोमा होता. त्यात गाद्यांवर धडा नव्हता.

पण आमचं खरं भांडण आचाऱ्यावरून. मला तो सहन होत नसे. कप्तान काही महत्त्वाचं करायला गेली, की हा डोळे फाडून विचारणार, "कप्तान, ये क्या है?" मी म्हणायचो, याला पुढच्या ग्रहावर उतरवा आणि एखादा हुशार यंत्रमानव घ्या.

"कप्तानले बठ्ठं माहीत शे," आप्पा बोट नाचवत म्हणायचे, "म्हनीसन ती काहीच इचारत नही. आचारी इचारस, म्हनीसन यान चालस."

"तो नुसता किंचाळतो, आप्पा."

"किंचाळाले बी कोनी पायजे ना! तुम्हना यंत्रमानव जळी गया तरी चूं करस नही."

एका भागात तो आचारी कुठल्याशा ग्रहावर मागेच राहिला. आप्पांनी अर्धी भाकरी परत डब्यात ठेवली. अंडी लावणाऱ्या सुमनताईंनी ठेच्याची डबी पुढे सरकवली. "खा आप्पा, येईल तो पुढच्या भागात."

"आनि उना नही ते?"

मी खदाखदा हसलो. तुम्हीही हसला असतात. पण पुढचं ऐका.

आप्पा चार दिवस रजेवर लेकीकडे गेले आणि कारखान्याची सगळी अक्कल एकट्या माझ्यावर येऊन पडली. अंडं ट्रेमध्ये लावताना रुंद बाजू वर ठेवतात, हे तिथल्या भिंतींनाही ठाऊक होतं. मला कॉलेजात शिकवलं होतं. त्या तासाला मी कुठे होतो, ते विचारू नका. रुंद बाजू जड, म्हणून ती खाली हवी, असं शास्त्र मी उभ्या उभ्या रचलं.

"सर, पण आम्ही तर नेहमी..." सुमनताई म्हणाल्या.

"नेहमीचं सोडा हो ताई."

रजेच्या पहिल्याच दिवशी एक अख्खी ट्रॉली, हजारो अंडी, डोक्यावर उभी राहून यंत्रात गेली.

पाचव्या दिवशी आप्पा परतले. यंत्राचं दार उघडून त्यांनी ट्रेला जवळजवळ नाक लावलं आणि अगदी त्या आचाऱ्याच्या चेहऱ्यानं मला विचारलं, "सायेब, पिल्लूनं डोकं कोनत्या बाजूले ऱ्हास?"

"रुंद बाजूला," मी ऐटीत सांगितलं. "तिथे हवेची पोकळी असते. पिल्लू पहिला श्वास तिथेच..."

तेवढ्यात माझी नजर ट्रेवर गेली. सगळ्या रुंद बाजू खाली. उलट्या अंड्यातलं पिल्लू भलत्या टोकाला डोकं नेतं आणि कवचातच गुदमरतं. आणि मला नोकरी लागून दोन महिनेही झाले नव्हते.

माझ्या मनात पहिलं काय आलं, सांगू? अंडी गुपचूप पालटायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही.

"पालटू," आप्पा म्हणाले. "पन शेठले सांगानं."

"हाकलून देतील मला!"

"देतीन बी. तुम्ही सांगा. मी बाजूले उभा ऱ्हासू."

आणि खरंच उभे राहिले. शेठ माझ्यावर ओरडत असताना जागचे हललेही नाहीत. शेवटी शेठ म्हणाले, "एकविसाव्या दिवशी बघू. पिल्लं निघाली तर तू राहा. नाही निघाली तर तू निघ."

पालटायची रीत आप्पांची. भरल्या ट्रेवर रिकामा ट्रे उपडा ठेवायचा, दोन्ही हातांनी घट्ट दाबायचा आणि एका झटक्यात सगळं उलटं करायचं. अंडी गार व्हायच्या आत परत आत जायला हवी होती. सुमनताईंचे हात भाकऱ्या उलटाव्यात तसे चालत होते. मी माझा पहिलाच ट्रे स्वतःच्या बुटांवर पालटला.

"सायेब," आप्पा शांतपणे म्हणाले, "तुम्ही दार धरा."

दार मात्र मी उत्तम धरलं.

एकविसातले पाच दिवस सरले होते. उरलेले सोळा दिवस मी जेवणाच्या सुट्टीतही यंत्रापाशीच घुटमळायचो. आप्पा डब्यातलं निम्मं माझ्यासमोर ठेवायचे. "कप्तान हारनी का आचारी पोळ्या करस. खा."

एकविसाव्या दिवशी आप्पा नव्हते. आदल्याच दिवशी नंदुरबारला त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर ते कामावर आलेच नाहीत. पिसांची धूळ डोळ्याला चालायची नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि मुलानं ते धरूनच ठेवलं. हल्ली आम्ही आठवड्यातून एकदा फोनवर भांडतो. पण ते परत येणार नाहीत, हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हतं. मला फक्त माझ्या मागे उभे असलेले शेठ ठाऊक होते.

मी दार उघडलं. आधी ऊब अंगावर आली, मग कलकलाट. टोपल्यांमध्ये ओली, पिवळी, चिडलेली पिल्लं एकमेकांच्या डोक्यावर चढत होती. सगळी नाही. काही अंडी गप्पच राहिली, आणि त्यांच्याकडे बघायचं धाडस मला आजही होत नाही. पण टोपल्या भरल्या होत्या. शेठ वाकले. एका अंड्यातून इवलीशी चोच रुंद बाजूनंच बाहेर येत होती. 

"दोन चहा सांग. एक तुझा," एवढंच म्हणून ते निघून गेले.

मी आप्पांना फोन लावला. मुलानं तो त्यांच्या कानाला लावला. मी फोन सरळ टोपलीवर धरला. सांगायचं ते पिल्लांनी सांगितलं.  मग मी फोन कानाशी नेला.

"आप्पा? ऐकू येतंय ना?"

"तू गप ऱ्हाय ना भाऊ," आप्पांचा आवाज ओला झाला होता. "फोन तठेच धर."