मर्तिकाचा स्वयंपाक करणारी तोमेयो

जपानच्या डोंगरातल्या आमच्या कामिओसे वाडीत कुणी गेलं, की पहिली हाक तोमेयो-सानना. मर्तिकाच्या घरच्यांनी चुलीला हात लावायचा नाही, दर घरातून एक बाई येऊन रांधणार, हा इथला रिवाज. त्या बायकांची सेनापती म्हणजे तोमेयो. बुटकी, रुंद खांद्यांची, बाह्या कोपरावर बांधलेल्या. नवरा ओंडक्याखाली सापडून मेला तेव्हा पोरगा, माकिओ, अंगावर पीत होता. त्याला पाठीशी बांधूनच तिनं भात लावला, भात कापला, आणि त्याला तरणाताठा केला.

मी नवी सून. पहिल्याच मर्तिकाला तिनं माझ्या हातातली सुरी काढून घेतली.

"सूनबाई, भाजीचं गोबो-मूळ आहे ते. सरपण फोडतेस का?"

"शहरात आम्ही चिरलेलं आणायचो, काकू."

"बरंय बाई तुमचं. रडायलाही भाड्यानं आणत असाल!"

सगळ्या खिदळल्या. पलीकडच्या खोलीत प्रेत, आणि इकडे आम्ही तोंडात रुमाल कोंबून हसतोय. तोमेयो असली की असंच व्हायचं.

मग ती सकाळ उजाडली. आम्ही न्याहारीला बसलो होतो. ठो! मग परत, ठो!

"तोमेयोचा माकिओ बंदुकीनं माकडं हाकलतोय," सासूबाई म्हणाल्या. "बरं झालं. रताळी तरी वाचतील."

पुन्हा आवाज आला, तशा त्या ओट्यावर गेल्या आणि कौतुकानं ओरडल्या, "शाबास रे माकिओ!"

मी हसले. भाताचा घास तोंडात होता आणि मी हसले.

माकिओ शेतात नव्हताच. तीन घरांत शिरला होता. आमच्याकडे दाराला कडी कोण लावतं? पाच माणसं गेली. पोलीस आले तेव्हा तो पुलावर बसला होता, बंदूक शेजारी आडवी ठेवून. का केलं, असं सगळे विचारतात. आदल्याच दिवशी त्यानं आमची पन्हळ नीट करून दिली होती. मी काय सांगू?

पोलिसांनी प्रेतं परत दिली आणि पाचही जणांचं मर्तिक एकत्र करायचं ठरलं, वाडीच्या हॉलमध्ये. आम्ही उरलेल्या बायका स्वयंपाकघरात उभ्या. नुसत्या उभ्या. भाज्यांचा ढीग पुढ्यात, पण हात कुणाचा उचलेना.

बाहेर नळ सुटल्याचा आवाज आला.

खिडकीतून पाहिलं. तोमेयो. पांढरा ॲप्रन, बाह्या बांधलेल्या. मागच्या नळावर उकिडवी बसून गोबो धूत होती.

"हिची हिंमत!" कुणीतरी म्हणालं.

"दर घरातून एक बाई," सासूबाई पुटपुटल्या. "तिचंही घर आहेच ना वाडीत."

"सासूबाई!"

"अगं, मी म्हणत नाहीये. रिवाज म्हणतोय."

तेवढ्यात रित्सुको-सान आली. काळा किमोनो, डोळे कोरडे. तिचा नवरा कात्सुमी आणि सासू, दोघं एकाच सकाळी गेले होते. ती सरळ मागच्या दारातून नळापाशी गेली. तोमेयोनं मान वर केली नाही.

"आत येत नाही मी, रित्सुको-सान. इथंच धुऊन-चिरून देते. कुणाला दिसणार नाही."

"मला दिसताय."

"तुझ्या सासऱ्यांचं मीच केलं होतं. कात्सुमीच्या बारशाचा लाल भातसुद्धा मीच..."

"म्हणूनच नको!" रित्सुकोचा आवाज चिरकला. "तुमच्या हातची चव मला कळते, काकू. घास घेतला की कळणार. आणि आज मी तो गिळायचा कसा?"

नळ चालूच होता. तोमेयोचे हात लाल झाले होते थंडीनं.

"मग करणार कोण?" तिनं विचारलं. तोऱ्यात नाही, खरंच काळजीनं. "या पोरींना येत नाही गं अजून."

"नाही आलं तर नाही आलं."

तोमेयोनं नळ बंद केला. धुतलेली मुळं टोपलीत नीट लावली. मग ओल्या फरशीवर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लागेपर्यंत वाकली. रित्सुको तोंड फिरवून आत निघून गेली. तोमेयो किती वेळ तशीच होती, आम्ही पाहिलं नाही. आम्हाला पाहवेना.

ती निघून गेली, टोपली दारात राहिली. कुणी तिला शिवेना. शेवटी सासूबाईंनी ती उचलून आडोशाला ठेवली आणि न धुतलेली दुसरी जुडी माझ्यापुढे टाकली.

"चिर."

"मी? सासूबाई, मला नाही..."

"चिर म्हणते ना! माणसं येताहेत."

मी चिरलं. कुठे जाड, कुठे बारीक. सोया किती, साखर किती, कुणाचं एकमत होईना. कोणाच्या तरी डोळ्यांतलं पाणी पातेल्यात पडलं, ते तसंच ढवळलं गेलं.

पंगत बसली. मी रित्सुकोसमोर वाटी ठेवली आणि तिथंच खिळून उभी राहिले. तिनं गोबोचा तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिली.

"कच्चंय," ती म्हणाली. "अळणीही आहे."

आणि तिनं वाटी उचलून, मान खाली घालून, ते सगळं खाल्लं.