भाव न करणारं गिऱ्हाईक

अलिबागच्या मासळीबाजारात एक कोळीण कोपऱ्यात बसायची. नाव मी कधी विचारलं नाही. साठ सालानंतरची गोष्ट. कॅन्सरच्या इंजेक्शनांसाठी ती लाँचने मुंबईच्या इस्पितळात जायची आणि परतली की पुन्हा पाटीपुढे हजर. केस गळाले, तर डोक्याला रुमाल बांधून त्यावर अबोलीची वेणी पिनेने लावली. मधेच मळमळलं की मागे जाऊन ओकून यायची, चूळ भरायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "हां, कुठवर भांडत आलो व्हतो?"

पण हळूहळू तिच्याशी कुणी भांडेना. सांगेल तो भाव देऊन लोक निघून जात. मीही त्यातलाच. लोकांना वाटे, मला दया येते. खरं सांगतो, मला तिच्याकडे पाहवत नव्हतं. लवकर सुटायचं होतं.

एकदा बोंबलांचा वाटा घेऊन मी पैसे पुढे केले, तर तिने माझं मनगट धरलं.

"भाव कर."

"राहू दे, मावशी."

"राहू दे काय? मेल्या मानसाशी कोन भाव करत न्हाय. मी अजून हाय ना रं?"

मी चाचरत निम्मा भाव सांगितला.

"निम्मा? बोंबील काय तुझ्या सासऱ्यानं पकडून दिलं?"

शेजारच्या कोळणी हसल्या. मग मीही हट्टाला पेटलो. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज बाजाराच्या दारापर्यंत पोचला, आणि माझ्यामागे उभी असलेली बाई पुढे घुसत म्हणाली, "याला देशील त्याहून कमीत मला दे."