हात सैल सोड

डोळा लागतोय. म्हणजे अजून लागलेला नाही. लग्नघराच्या मागच्या पडवीत, बांगड्यांच्या पेटाऱ्याला टेकून वच्छला कासारीण दुपारची जरा कलंडली आहे. सकाळपासून आत्या-मावश्यांना बांगड्या भरून बोटं आंबली आहेत. पापण्या मिटतात, पण नवरीच्या आईचं बोलणं कानात फिरतंच आहे.

“मावशी, संध्याकाळी पाव्हणे यायचेत. नवरीला चुडा भराल तेव्हा आमच्या थोरलीला नका बसवू. हातावरचं कोड दिसतं तिचं. कागदात बांधून द्या तिच्या बांगड्या. घालंल ती आपली आपण.”

आणि वच्छला म्हणाली होती, “बरं.”

बरं.

बरं म्हटलं की

पडवीत बायांची रांग बसली आहे. वच्छला एकेकीचा हात घेते, अंगठ्याखालचं हाड दाबते, म्हणते, “हात सैल सोड.” बांगडी सरकते. पुढचा हात. पुढचा. रांगेच्या टोकाला एक पोर, दोन्ही हात परकरात खुपसून.

“तुझे दाखव की गं.”

“नको. तुझी गिऱ्हाइकं उठून जातील.”

छबू. वच्छलाची लेक छबू, शाळेच्या वयातच तापानं गेलेली. वच्छलाला नवल वाटत नाही. एवढंच वाटतं, पोर जेवली असेल का.

“जेवलीस?”

“मधल्या सुट्टीत जेवले.”

म्हणून मग शाळा. पडवीच्या भिंतीवर फळा आहे, मघाच्याच बाया डोईवरच्या पदरासकट बाकांवर बसल्या आहेत. छबू शेवटच्या बाकावर, एकटी. पुढच्या बाकांवर खडू घासला जातोय. फळ्यावर नाही, हातांवर. पांढरे हात नाचवत बाया पोरींच्या आवाजात ओरडतात,

“छबूचं कोड लागलं गं! छबूचं लागलं!”

“हे मला कधी बोलली नाहीस,” वच्छला म्हणते.

“तू दमून यायचीस, आये. गावभर हात धरून.”

गावभर. हो. धरला नाही असा हात नाही गावात.

“मग गं?”

“मग सुताराची रत्नी उठली. तिनंबी खडू घेतला. मला वाटलं, झालं, हीपण. तर तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे केले आन् माझ्या बाकाशी आली.”

“काय म्हणाली?”

“काय म्हणायचंय? ‘सरक’ म्हणाली. मग डबा खाल्ला आम्ही. ठेचा होता तिच्याकडं. थोडा खडूबी खाल्ला.”

छबू हसते. बाक हलतो. बाक हलत नाही, एसटी हलते आहे. खिडकीबाहेर ऊस, नुसता ऊस, आणि दोघींच्या मांड्यांवर पेटारा.

“कुठं निघालीस?”

“मी कुठं? तूच निघालीस. लग्नाला.”

वच्छला घाईघाईनं हिरव्या बांगड्यांची माळ सोडते. छबूचा हात धरते. गार आहे. मूठ आवळलेली.

“हात सैल सोड.”

“सुटत नाही. सवय झालीय.”

वच्छला मुठीवर फुंकर घालते. एक बोट. दुसरं. मूठ सुटते, बांगडी जाते, आणि जाते ती थेट कोपरापर्यंत. पुन्हा खाली सरकून पेटाऱ्यावर पडते. दुसरी. तीही. हात तेवढाच राहिला आहे. त्या मापाची एकही बांगडी वच्छलाच्या पेटाऱ्यात नाही.

“राहू दे,” छबू म्हणते. रागानं नाही. “त्या ताईच्या मापाची बघ.”

“तिचं माप मला काय ठाऊक? हात कुठं धरलाय मी तिचा?”

“मग कागदात काय बांधशील?”

एसटी थांबते. छबू उतरते. ऊस तिच्यामागं मिटतो.

“थांब, एक तरी घालून—”

“मावशी! अवो मावशी, पाव्हणे आले.”

वच्छला उठून बसते. उजव्या हाताची बोटं पांढरी आहेत.

रांगोळी असेल. लग्नघर आहे, कुठंही हात पडतो. ती बोटं चोळून बघते. रांगोळी खरखरीत लागते. हे मऊ आहे.

कुणीतरी हात धुवायला तांब्या पुढं करतं. ती घेत नाही.

ओसरीवर नवरी पाटावर बसली आहे, भोवती पाहुण्या. नवरीची आई नजरेनंच विचारते, बांधल्या का कागदात? थोरली दाराआड, हात ओढणीत.

“प्रमिला, ये. थोरल्या बहिणीचा मान आधी.”

“मी मागनं घालते, मावशी.”

“अवो, ती घालंल की मागनं,” आई घाईनं म्हणते.

“माप घेतल्याबिगर कासारीण बांगडी देत नसती,” वच्छला साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणते. मग शेजारच्या पाहुणीकडं वळते. “सरका जरा, बाई.”

पाहुणी बघत राहते. मग सरकते.

प्रमिला बसते. मूठ घट्ट आहे. वच्छलाला ती मूठ माहीत आहे.

“हात सैल सोड, बाळ.”

मनगटावर वच्छलाच्या बोटांचे पांढरे ठसे उमटतात. कोड कुठं संपतं आणि ठसे कुठं सुरू होतात, ओसरीवर कुणालाच कळत नाही.